आधी चौथा रकाना: मामा तलावाच्या पाळीवर बसून लॉगफ्रेम कशी भरावी

एका मामा तलावातला, म्हणजे माजी मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) तलावातला, गाळ आम्ही काढला होता. ठरल्यापेक्षा चार ट्रॉल्या जास्तच. जेसीबीच्या रांगेचे फोटो झकास आले, निधी देणाऱ्यांचा माणूस येऊन नारळ फोडून गेला, अहवालात ‘उद्दिष्ट १०० टक्के साध्य’ असं लिहिलं. त्याच वर्षी हस्त कोरडा गेला आणि तलावात पाणी डोळ्यांना दिसत असताना पाळीखालच्या (तलावाच्या बांधाखालच्या) बांध्यांतला, म्हणजे धानाच्या वाफ्यांतला, धान निसवता निसवता, लोंब्या बाहेर पडत असतानाच, वाळला. आमचा खड्डा तुडुमाच्या तळाच्याही खाली गेला होता. तुडूम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायची मोरी. तिच्या खालचं पाणी आपणहून पाटात चढत नाही, पंप लावावा लागतो. त्या खड्ड्यात मासे मात्र उन्हाळाभर मजेत जगले. ढिवर मंडळी, म्हणजे मासेमारी करणारी, अजून आमचं नाव काढतात. धानवालेही काढतात, पण वेगळ्या सुरात.

त्या प्रकल्पाची लॉगफ्रेम, म्हणजे अख्खा प्रकल्प एका कागदावर मांडणारा तक्ता, होती, बरं का. चार ओळी, चार रकाने, तीन रंगांत. चौथ्या, म्हणजे गृहीतकांच्या, रकान्यात ‘पाऊस वेळेवर पडेल’ आणि ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभेल’ अशी दोन वाक्यं होती. ती आधीच्या प्रपोजलमधून उचललेली होती, आणि त्यातली आणखी आधीच्या. नागपुरात वीसेक वर्षं छोट्या संस्थांची प्रपोजलं लिहून माझं एक मत पक्कं झालंय: प्रकल्प बुडतो तो या चौथ्या रकान्यात, आणि आपण तो सगळ्यात शेवटी, रात्री अकराला, ईमेल पाठवायच्या आधी भरतो. म्हणून हा लेख त्या रकान्याकडे तोंड करून लिहिलाय. उदाहरण रामटेक-कुही पट्ट्यातल्या एका मामा तलावाचं घेतलंय. गाव खरं नाही, दोन-तीन गावं मिसळून केलेलं आहे.

ही चौकट आली कुठून

१९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी, म्हणजे यूएसएआयडीसाठी, लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सल्लागार सहकाऱ्यांनी लॉगफ्रेम तयार केली. त्या खात्याच्या प्रकल्पांची तपासणी केली तेव्हा तीन दुखणी सापडली होती. नियोजन मोघम होतं, कोणत्या गोष्टीला व्यवस्थापक जबाबदार आणि कोणत्या नाही हे कुणाला माहीत नव्हतं, आणि प्रकल्पाने नेमकं काय साधायचं होतं यावरच एकमत नसल्याने मूल्यमापनाचं भांडण व्हायचं. पन्नासहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडची कुठलीही आढावा बैठक आठवा, तीच तीन दुखणी.

पुढे १९८० च्या दशकात जर्मनीच्या जीटीझेड या मदतसंस्थेने याला लोकांसोबत बसून करायच्या कार्यशाळेची जोड दिली. भिंतीवर रंगीत कार्डं चिकटवायची पद्धत तिथून आली. मग नॉर्वेच्या नोराड या मदतसंस्थेने हस्तपुस्तिका काढली, युरोपीय आयोगाने १९९० च्या दशकात ही चौकट आपल्या प्रकल्पचक्रात बसवली, आणि फिरत फिरत ती आपल्या नागपूरच्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या कार्यालयापर्यंत आली. वाटेत कार्यशाळा गळाली आणि तक्ता तेवढा राहिला. तक्ता हा शेवटचा कागद आहे. त्याच्या आधीचं काम म्हणजेच खरी पद्धत.

गावात जाण्याआधी एक दिवस कागदांचा

तलाव कोणाचा, हे आधी पाहा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली (तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं) आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. पण गावकऱ्यांचे पाण्याचे, गुरांचे, मासेमारीचे हक्क निस्तारपत्रकात नोंदलेले राहिले. ती नोंद काढा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. तिथून तलावाचा नकाशा, तुडुमाची आणि सांडव्याची पातळी आणि मागच्या दुरुस्त्यांची नोंद मागा. मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आणि कधीपर्यंत आहे, तेही त्याच चकरेत विचारा. सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कचेऱ्यांत एक दिवस मोडेल, कदाचित तीन. मोडू द्या. आमच्या त्या फसलेल्या तलावाच्या तुडुमाची पातळी फाइलमध्ये होती. आम्ही फाइल मागितलीच नव्हती.

कोणाकोणाचा तलाव

पहिली पायरी हितसंबंधींची. इथे बहुतेक प्रपोजलांत ‘शेतकरी, महिला, युवक, ग्रामपंचायत’ अशी सरसकट यादी असते. ती जगातल्या कुठल्याही गावाला चालते, म्हणून कुठल्याच गावाच्या कामाची नाही. त्याऐवजी पाळीवर उभं राहून पाण्याभोवती बोट फिरवा आणि जिथे बोट थांबेल तिथे विचारा, ‘इथून काय घेता? कधी? पाणी वाढलं तर तुमचं काय होतं?’

आमच्या गावात हे असं निघालं. पाटाच्या तोंडाशी बांध्या असलेले शेतकरी, यांना पाणी मिळतंच. पाटाच्या शेपटाकडचे शेतकरी, यांना दहा वर्षांत दोनदा मिळालं. ढिवरांची सहकारी संस्था; तिला पाणी तलावातच राहायला हवं. शिंगाडा लावणारी चार घरं. पाणी उतरत जाईल तसं मोकळ्या होणाऱ्या जमिनीत गाळपेर करणारे. गाळ काढला की यांची जमीनच जाते, पण बैठकीत हे गप्प बसतात, कारण त्यांची पेरणी कागदावर नाही. तलावाच्या वरच्या अंगाला शेत असलेला माणूस. पाळ वाढवली तर त्याचं एक एकर बुडतं. गुरं घेऊन येणारे. कपडे धुणाऱ्या बाया. आणि शेजारच्या गावचा वीटभट्टीवाला, जो गाळाबद्दल आपल्यापेक्षा जास्त उत्साही असतो. त्याच्यावर लक्ष ठेवा. गाळ शेतात टाकणं वेगळं आणि भट्टीला विकणं वेगळं. तिथून गौण खनिजाचा, म्हणजे माती-मुरूम विकायच्या परवान्याचा, प्रश्न सुरू होतो आणि तहसीलची नोटीस तुमच्या संस्थेच्या नावाने येते.

प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: याला प्रकल्पातून काय मिळेल, काय जाईल. आणि तिसरी स्वतःपुरती, कंसात: हा काम अडवू शकतो का? ज्याचं जातं आणि जो अडवू शकतो, त्याचं नाव आत्ताच चौथ्या रकान्यासाठी बाजूला काढून ठेवा.

समस्यावृक्ष: ‘अभाव’ या शब्दावर बंदी

समस्यावृक्ष म्हणजे कार्डांचं झाड: बुंध्याला मुख्य समस्या, मुळांना कारणं, फांद्यांना परिणाम. ही पायरी घाईत केली तर पुढचं सगळं फुकट. दोन बैठका ठेवा, एक सगळ्यांची आणि एक फक्त बायांची, तीही त्यांच्या सोयीच्या वेळी. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बैठक बोलावू नका. कोणी येणार नाही, आणि आले तर रिकामटेकडेच येतील.

साहित्य साधं: जुन्या कॅलेंडरांचे कापलेले तुकडे, जाड मार्कर, पाळीवरच्या वडाखाली अंथरलेली ताडपत्री, आणि कार्डं उडू नयेत म्हणून खडे. एका कार्डावर एकच गोष्ट. वाक्य पूर्ण, क्रियापदासकट. आणि ‘अभाव’ हा शब्द वापरायचा नाही. ‘जनजागृतीचा अभाव’, ‘निधीचा अभाव’, ‘पायाभूत सुविधांचा अभाव’ ही समस्या नसते, तुमच्या मनातला उपाय तिथे उलटा टांगलेला असतो. ‘निधीचा अभाव’ लिहिलं की उत्तर ‘निधी द्या’ हेच येणार. निधी आला नाही म्हणून गावात काय घडतंय, ते लिहा.

आमची सुरुवात ‘तलावात गाळ साचला आहे’ या कार्डाने झाली. ते मी मनात घेऊनच आलो होतो, कारण निधी गाळासाठीच मिळत होता. कार्ड मधोमध ठेवलं. ढिवरांपैकी एक म्हातारी मावशी बराच वेळ बघत होती. ती म्हणाली, “गाळ तं आहेच जी. पन पोळ्याले तलाव भरून राह्यते अन् दसऱ्याले अर्धा होते, मंग ते पानी जाते कुठं?” कोणीतरी हसलं. मग एक शेतकरी उठून तुडुमाकडे गेला आणि आम्ही सगळे मागोमाग. तुडुमाच्या चिरा सुटल्या होत्या. पाटात कोणी पाणी सोडलेलं नसताना घोटाभर पाणी वाहत होतं, रात्रंदिवस, थेट नाल्याला.

तिथेच आमचा समस्यावृक्ष पालटला. बुंध्याशी, म्हणजे मुख्य समस्या म्हणून, शेवटी हे कार्ड आलं: ‘पाटाच्या शेपटाकडच्या बांध्यांतला धान निसवताना पाण्यावाचून सुकतो.’ यात कोणाचा, कुठला, कधी, काय होतं, चारही गोष्टी आहेत. मुख्य समस्या अशी दिसली पाहिजे.

मग खाली ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारत जायचं. पहिल्या ‘काहून’ला चार मुळं फुटली. तलावात पाणी कमी मावतं. मावलेलं पाणी तुडुमातून गळतं. सोडलेलं पाणी पाटाच्या शेपटापर्यंत पोचत नाही. आणि कधी सोडायचं हे कोणी ठरवत नाही. प्रत्येकाखाली पुन्हा ‘काहून?’ पाणी पोचत नाही, कारण पाट बुजलाय, कारण पाट साफ करायची पाळी कोणाची हे आता ठरलेलं नाही. सोडायचं कोणी ठरवत नाही, कारण पूर्वी गावाने नेमलेला पाणी सोडणारा माणूस होता, त्याला धानात मेहनताना मिळायचा, आणि ती रीत मोडली. आता ज्याला हवं तो रात्री येऊन तुडूम उघडतो. सकाळी ढिवर येऊन बंद करतात.

बघा, गाळ हे चारातलं एक मूळ निघालं. आमचा आधीचा अख्खा प्रकल्प त्या एकावर उभा होता.

बुंध्याच्या वर परिणामांची कार्डं लागतात: भारी (उशिरा येणारा) धान सोडून लोक हलका (लवकर येणारा) धान लावतात, कापणी संपली की मजुरीला बाहेर पडतात, वगैरे. तिथे फार रेंगाळू नका. वरच्या फांद्या सगळ्यांना लिहायला आवडतात, मुळं उकरायला कंटाळा येतो.

उद्दिष्टवृक्ष आणि पर्याय

हे सोपं आहे. प्रत्येक कार्ड उलटून सुस्थितीत लिहायचं: ‘तुडूम गळतं’ चं ‘तुडूम बंद असताना पाणी थांबतं’. पण उलटताना एक चाचणी घ्या. खालची सगळी कार्डं खरी झाली तर वरचं आपोआप खरं होतं का? होत नसेल तर मधलं एखादं कार्ड सुटलंय. आमच्याकडे पाणी मावलं, थांबलं, पाट साफ झाला, तरी ते शेपटाला जाईल याची हमी नव्हती; तोंडाशी असलेल्यांनी मधेच बांध्या भरून घेतल्या तर? म्हणून ‘पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू होते’ हे नवं कार्ड आलं. त्या एका कार्डावर दोन तास भांडण झालं. बैठकीतलं सगळ्यात उपयोगी भांडण तेच.

मग पर्याय. सगळी मुळं आपण उपटायची नसतात. कोणतं कोणाच्या आवाक्यात आहे, किती खर्चाचं आहे, आणि कोण दुसरा आधीच करतोय ते बघा. गाळ काढायला सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. तिथे आपला पैसा ओतण्याआधी ती लावता येते का ते तपासा. तुडूम दुरुस्ती हे अभियंत्याचं काम. आपल्यासारख्या संस्थेने जे कोणीच करत नाही ते घ्यावं: पाणी वाटपाची रीत पुन्हा बसवणं. त्यात फोटो चांगले येत नाहीत. तरी.

तक्ता

आता तो चार बाय चारचा कागद. ओळी वरून खाली: ध्येय, हेतू, फलित, कृती. रकाने डावीकडून: मजकूर, निर्देशक, पडताळणी, गृहीतके. आमच्या गावाचा पहिला रकाना असा.

ध्येय: तलावावर अवलंबून असलेल्या घरांचं उत्पन्न पावसाच्या लहरीवर कमी अवलंबून राहतं. यात आपला वाटा असतो, सगळी जबाबदारी नसते.

हेतू: पाटाच्या शेपटाकडच्या बांध्यांना धान निसवताना एक भरवशाचं पाणी मिळतं. हेतू एकच ठेवा. ‘आणि’, ‘तसेच’, ‘त्याचबरोबर’ आलं की समजा दोन प्रकल्प एका पोत्यात कोंबलेत.

फलितं: तुडूम दुरुस्त होऊन गळती थांबलेली, तुडुमाच्या तळाच्या वरच्या पातळीतला गाळ निघालेला, पाट शेपटापर्यंत साफ, पाणी वाटप समिती, त्यात ढिवर संस्थेचे दोघे, नियम ठरवून काम करते. एवढं आपल्या हातात आहे, आणि एवढ्यालाच आपण बांधील आहोत.

कृती: याची यादी हवी तेवढी लांब करा, पण प्रत्येक कृती कुठल्या ना कुठल्या फलिताखाली बसली पाहिजे. ‘अभ्यास सहल, हिवरे बाजार’ कुठे बसत नसेल तर काढा. मलाही वाईट वाटतं.

कच्चा माल आणि पक्का माल यांत लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समितीचं प्रशिक्षण ही कृती. समिती नियमाने पाणी सोडते हे फलित. शेपटाला पाणी पोचतं हा हेतू. ‘२ प्रशिक्षणे घेतली, ४० लाभार्थी’ हे फलितात लिहिलंत तर वर्षअखेर चाळीस जणांनी जेवण घेतलं एवढंच सिद्ध होईल.

चौथा रकाना

तक्ता खालून वर, नागमोडी वाचायचा असतो. जर कृती केल्या आणि त्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर फलितं मिळतील. जर फलितं मिळाली आणि त्या ओळीतली गृहीतकं खरी ठरली, तर हेतू साधेल. मोठ्याने वाचा, शक्य असेल तर गावातल्याच कोणासमोर. ज्या ‘तर’वर समोरचा माणूस भुवई उचलतो, तिथे गृहीतक सुटलंय.

प्रत्येक गृहीतकाला तीन प्रश्न. हे खरं नाही ठरलं तर प्रकल्पाला फरक पडतो का? नसेल पडत तर खोडा. खरं ठरणं जवळजवळ नक्की आहे का? तरी खोडा. ‘ग्रामस्थांचे सहकार्य लाभेल’ इथेच जातं. सहकार्य लाभणार नसेल तर तुम्ही प्रकल्प का करताय? आणि तिसरा: फरकही पडतो, भरवसाही नाही, मग ते आपल्या कामात ओढून घेता येतं का? येत असेल तर ते गृहीतक राहत नाही, नवं फलित होतं. नसेल येत, आणि ते खोटं ठरण्याचीच शक्यता जास्त असेल, तर ते जीवघेणं गृहीतक. तिथे आराखडा बदलायचा किंवा गावाला आणि निधी देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं.

आमच्या तलावावर ही चाळणी लावली तेव्हा काय काय पडलं ते सांगतो.

‘खोदाई तुडुमाच्या तळाच्या वरच राहील.’ हे गृहीतक नव्हेच, आपलं काम. पातळी मोजून खुंट्या मारायच्या, जेसीबीवाल्याला खुंटीखाली बकेट नेऊ द्यायची नाही. तळाची चिकण थर फोडली तर पाणी जमिनीत मुरतं, तीही भीती याच खुंट्यांनी टळते.

‘ढिवर आणि धानवाले पाण्याच्या किमान पातळीवर सहमत होतील.’ महत्त्वाचं आणि बेभरवशाचं. ओढून घेतलं: एका कोपऱ्यात माशांसाठी तुडुमाच्या तळाखालचा डोह मुद्दाम ठेवायचा, आणि तुडुमावर रंगाने रेघ मारायची, तिच्या खाली पाणी सोडायचं नाही. आमची जुनी चूक इथे ठरवून, मापात वापरली.

‘मासेमारीचा ठेका प्रकल्पाच्या मध्यात बाहेरच्या माणसाकडे जाणार नाही.’ यावर आपला ताबा नाही. पण मुदत कागदावर दिसते, त्यामुळे ठेका संपायच्या आधी सहा महिने ढिवर संस्थेचा अर्ज तयार ठेवणं ही कृती लिहिता आली.

‘गाळपेरवाल्यांना दुसरीकडे जमीन मिळेल.’ नाही मिळाली. त्यांच्या बाजूच्या गाळाला हात लावायचा नाही असं ठरलं. घनमीटर कमी झाले. निधी देणाऱ्याला कारण सांगितलं, त्याने मान्य केलं. लोक वाटतात तेवढे अडेलतट्टू नसतात.

‘आचारसंहिता लागणार नाही.’ हे जानेवारीत लिहायची सवय लावा. उन्हाळ्यात आचारसंहिता लागली आणि मंजुरी अडकली, की थेट पुढचा उन्हाळा.

‘तलाव भरेल एवढा पाऊस पडेल.’ हे राहतं. पण कोरडं वाक्य ठेवू नका. मागच्या दहा वर्षांत तलाव किती वेळा सांडव्यावरून वाहिला ते गावात विचारा. लोकांना लग्नांवरून आठवतं. दहातून तीनच वेळा वाहिला असेल तर अडचण साठवणीची नाहीच, वरून पाणीच येत नाही, आणि गाळ काढून तुम्ही फक्त मोठं रिकामं भांडं बनवताय.

निर्देशक: आधी गणित, मग आकडा

‘सिंचनक्षेत्रात लक्षणीय वाढ’ हा निर्देशक नाही. किती, कशी, कुठे, कोणासाठी, कधीपर्यंत, हे त्यात हवं. आकडा हवेतून काढायचा नाही. समजा ४ हेक्टर क्षेत्रातून सरासरी अर्धा मीटर गाळ काढायचा आहे. ४०,००० चौरस मीटर गुणिले अर्धा म्हणजे २०,००० घनमीटर, तेवढीच वाढीव साठवण, २ कोटी लिटर. बाष्पीभवन, झिरपणं, पाटातली गळती यांत एक तृतीयांश गेलं असं धरा. तेरा हजार घनमीटर उरतात. बांधीत ७ सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर हेक्टरी ७०० घनमीटर लागतं. म्हणजे साडेअठरा हेक्टरांना, सुमारे ४५ एकरांना, एक पाणी. एकच. याच मापाच्या तलावाच्या प्रपोजलात मी ‘१५० एकर ओलिताखाली’ वाचलंय.

आता उलटं गणित. ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, म्हणजे २.८३ घनमीटर. २०,००० घनमीटरला सात हजारांहून जास्त खेपा. सुटा गाळ फुगतो म्हणून आणखी जास्त. वीस ट्रॅक्टर रोज दहा खेपा करत असतील तर पस्तीस-चाळीस दिवस, एकही खाडा न पडता. तलाव सुकतो एप्रिलच्या आसपास, मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशात दुपारी बारा ते चार ड्रायव्हर काम करत नाही, करूही नये. बसतं का बघा. नाही बसलं तर आकडा कमी करा, दिवस वाढणार नाहीत.

तर हेतूचा निर्देशक असा झाला: ‘तिसऱ्या खरिपात, पाटाच्या शेपटाकडच्या ४० एकरांना धान निसवण्याच्या काळात किमान एक पाणी मिळालं.’ पाच एकर चुकीसाठी सोडले.

पडताळणीच्या रकान्यात ‘सर्वेक्षण अहवाल’ लिहून मोकळं होऊ नका. कोण मोजणार, कधी, किती पैशात? सातबाऱ्यावर पीक कळतं, त्याला पाणी कधी मिळालं ते कळत नाही. पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) अख्ख्या गावाची निघते, शेपटाच्या बांध्यांची वेगळी नाही. म्हणून आम्ही तुडुमावर मीटरपट्टी रंगवली, एक शाळकरी वही ठेवली: तारीख, पातळी, तुडूम किती वेळ उघडं, शेवटची बांधी कोणाची भिजली. ही वही काम सुरू होण्याच्या एक हंगाम आधी सुरू करा, म्हणजे तीच बेसलाइन, तुलनेसाठीची आधीची नोंद, होते. प्रकल्प संपताना काढलेली बेसलाइन मी पाहिलेली आहे. लिहिलेलीही आहे, खोटं कशाला बोलू.

पैसा आणि वेळापत्रक

अंदाजपत्रक कृतींवरून निघतं, आणि प्रत्येक ओळीपुढे कुठल्या फलिताची ते लिहावं. पडताळणीचा खर्च वेगळा दाखवा, नाहीतर ती वही कोणी भरणार नाही.

निधी कुठून येतोय त्याप्रमाणे आराखड्याला वळण द्यावं लागतं. परदेशी निधी असेल तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. ‘ढिवर संस्थेला काही रक्कम देऊन तिच्याकडून करून घेऊ’ हा बेत तिथेच संपतो. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं, आणि ‘चालू प्रकल्प’ सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. पाणी वाटपाची रीत बसायला निदान तीन खरीप लागतात, तेव्हा एक वर्षाचा करार घेऊन हेतूच्या ओळीत तीन वर्षांचं स्वप्न लिहू नका. आणि ते ५ टक्के प्रशासकीय खर्चाचं बंधन कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्पावरच्या तुमच्या कार्यकर्त्याचा पगार त्यात मोडत नाही. हे कंपनीच्या माणसालाही कधी कधी समजावून सांगावं लागतं, प्रेमाने.

वेळेचं म्हणाल तर मंजुरी फेब्रुवारीत, पहिला हप्ता जूनमध्ये, हे नेहमीचं. जूनचा पैसा तलावाला कामाचा नाही. करारातच लिहा: पहिला हप्ता मार्चअखेर न आल्यास खोदाई पुढच्या उन्हाळ्यात, पहिलं वर्ष समिती, पातळी मोजणी आणि पाटसफाईचं. खरं सांगायचं तर हाच क्रम मुळात बरा. आधी माणसं बसतात, मग मशीन येतं.

तक्ता भरल्यावर

डेस गॅस्पर नावाच्या अभ्यासकाने या चौकटीची ‘लॉकफ्रेम’ होते अशी टीका केली आहे: एकदा भरली की कुलूप, मग जमिनीवर काहीही दिसो. उपाय म्हणून आम्ही वर्षातून दोनदा, रोवणी आटोपल्यावर आणि कापणीनंतर, फक्त चौथा रकाना घेऊन बसतो. प्रत्येक गृहीतकापुढे तीनपैकी एक खूण: टिकलंय, डळमळतंय, गेलं. ‘गेलं’ची खूण पडली की दुरुस्त तक्ता आणि अर्ध्या पानाचं कारण निधी देणाऱ्याकडे त्याच आठवड्यात. वार्षिक अहवालापर्यंत थांबलात तर ते सबबीसारखं वाटतं.

तक्त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीत लावा, मोठ्या अक्षरात, लॅमिनेशन करून. आमच्याकडे एक गोष्ट जास्तीची झाली. तुडुमावरच्या रंगीत रेघेवर ढिवरांच्या मावशीचा विश्वास नव्हता. रंग पावसाने जातो, आणि कोणी रात्री खाली दुसरी रेघ मारली तर? तिने पाळीच्या दगडात छिन्नीने खाच पाडून घेतली, दोन्ही बाजूंच्या चार-चार माणसांसमोर. पडताळणीच्या रकान्यात आम्ही आता ‘पाळीवरील खाच’ असंच लिहितो.